ह्याला हे सांगितलं कोणी?

मागच्या आठवड्यात एफवायच्या वर्गात ‘झुंड’मधला एक तुकडा दाखवला. फुटबॉलचा नाही आणि अमिताभचाही नाही. रिंकू राजगुरूचा जो भाग आहे ना, परदेशात खेळायला जायचं म्हणून ती आणि तिचा बाप पासपोर्टच्या कागदांसाठी हिंडत राहतात, तू तूच आहेस ह्याचा पुरावा आण म्हणतात त्यांना, तो भाग. २०२२ ला पिच्चर आला तेव्हा हा भाग बऱ्याच जणांना लांबलेला वाटला होता, मी थिएटरात बघत होते तेव्हा शेजारच्या माणसाने सरळ मोबाईल काढला होता. आमच्या वर्गात मात्र साठेक पोरं चिडीचूप. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. आणि मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मॅडम, हे तं आपलं व्हॅलिडिटीचंच झालं की.”

झालं, पुढचा पाऊण तास मला बोलायला जागाच मिळाली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. जात पडताळणी करायची तर तुमच्या घराण्याचा जुना पुरावा लागतो. एससी असाल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आणि त्यात सगळ्यात आधी मागतात काय, तर आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला. आता ज्या घरात कॉलेजचं तोंड बघणारं हे पहिलंच पोर आहे, ज्याचा आजोबा शाळेच्या भिंतीला चुना लावायला गेला असेल तर असेल, त्याने तो दाखला आणायचा कुठून? मग महसुली कागद शोधा, कोतवाल बुकातली म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतली नोंद शोधा, नाहीतर बापाकडच्या भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालीय का ते विचारत फिरा, आणि भावकीशी तर बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद. बीएला लगेच लागत नाही ती, पण पुढे प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर जायचं म्हटलं की लागतेच, आणि तेव्हा पळापळ सुरू होते. त्या दिवशी वर्गात कळलं की अकरा जणांच्या घरी ही फाईल अर्धवट पडलीय आणि त्यातल्या सात जणांना वाटत होतं की फक्त आपल्याच घरी असं आहे, आपल्याच घरच्यांना काही कळत नाही म्हणून.

ह्या सात जणांसाठीच ही पोस्ट लिहितेय खरं तर.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, म्हणजे तास झाला तर पैसे आणि उन्हाळ्यात रामराम. मी स्वतः घरातली पहिली. वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल होते, आईला सही येते, वाचता येत नाही. त्यामुळे मला कॉलेज म्हणजे काय ते आधी सांगितलं ते सिनेमानं. १९९८ ला ‘कुछ कुछ होता है’ आला, आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांनी व्हीसीआर भाड्याने आणून दाखवला होता, बसायला पोतं घरून न्यायचं. मी तेव्हा नववीत. मला इतकं पक्कं वाटलं होतं की कॉलेजात बास्केटबॉल असतो आणि तास कधीतरी असतो आणि प्रिन्सिपल एकदम गोड असतात! प्रत्यक्षात गेले तर एक लिंबाचं झाड, त्याखाली सायकली, नोटीसबोर्डला फुटकी काच आणि आतल्या नोटिसा अशा भाषेत लिहिलेल्या की मराठी असून मराठी वाटेना. ‘खालील विद्यार्थ्यांनी त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करावी.’ त्रुटी म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही आणि पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप गेली. माझी त्रुटी काय होती माहितीये का, फॉर्मवर फोटो चिकटवायचा राहिला होता. फोटो!

तर लाज. सगळं अडतं ते तिथेच. पैसे कमी आहेत हे पोरं सांगतात एकवेळ. ‘मला हे माहीत नाही’ हे नाही सांगत. कारण त्यांना वाटतं की हे सगळ्यांना माहीत असतं, आईच्या पोटातूनच शिकून येतात लोक. आणि ज्यांचे आईबाप मास्तर आहेत ते खरंच एका अर्थाने शिकूनच येतात, क्रेडिट म्हणजे काय, मायनर विषय कोणता घ्यावा, इंटर्नल बुडवली तर काय होतं, हे त्यांच्या घरी जेवताना बोललं जातं. आमच्या पोरांच्या घरी जेवताना ऊसतोडीची उचल किती मिळाली ते बोललं जातं.

म्हणून मी एक खेळ सुरू केला. खेळ मोठा शब्द झाला, एक प्रश्न आहे फक्त. कुठलाही सिनेमा, सिरीज, रीलवाला, खेळाडू घ्यायचा आणि विचारायचं: ह्याला हे सांगितलं कोणी?

सुरुवात ‘ट्वेल्थ फेल’पासून झाली. २०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे आला आणि नंतर मोबाईलवर आल्यावर पोरांनी तो कोळून प्यायला, स्टेटसला तेच, डीपीला तेच. चंबळकडचा पोरगा, बारावी नापास, आणि शेवटी आयपीएस, तेही खरा माणूस, मनोज कुमार शर्मा, आपल्याच महाराष्ट्र केडरचे. पोरं म्हणायची मॅडम काय जिद्द, काय मेहनत. मी म्हटलं थांबा. मेहनत राहू द्या बाजूला, पिठाच्या गिरणीत तर गावोगाव लोक मेहनत करतायत, ते काय सगळे आयपीएस झाले का? मला हे सांगा की त्याला आयपीएस नावाची गोष्ट असते हे सांगितलं कोणी?

वर्ग विचारात पडला. मग एकीला आठवलं. त्याला तर डीएसपीच माहीत असतो फक्त, गावात कॉपी बंद करायला आलेला. मग दुसरा म्हणाला, ग्वाल्हेरला तो पांडे भेटतो ना, तो सांगतो, तोच दिल्लीला घेऊन जातो. बरं, आणि दिल्लीत? दिल्लीत ते गौरी भैया, स्वतःचे अटेम्प्ट संपलेले, चहाची टपरी टाकून बसलेले, ते सांगतात अभ्यास कसा करायचा. आणि चुकला तर? तर रिस्टार्ट. आम्ही फळ्यावर यादी केली, त्या पोराला रस्ता सांगणारे, पैसे देणारे, राहायला जागा देणारे, चूक दाखवणारे. बोर्ड भरला. एका पोरीने तो बोर्ड बघून जे म्हटलं ते मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय: “मंजी मॅडम, ह्याला बी येकट्याला काही जमलं नाही.”

हो ना! आणि आपण काय करतो, ह्याच सिनेमाचा उपयोग पोरांना हाणायला करतो. बघा तो दिव्याखाली बसून शिकला, तुम्हाला साधं असाइनमेंट होत नाही. मोटिव्हेशनल स्पीकर बोलावतात आमच्याकडे दरवर्षी, तो येतो, ओरडतो, टाळ्या, चहा, आणि पोरं अजून खाली मान घालून घरी. मला ह्या प्रकाराचा मनापासून राग आहे. ज्याच्यावर आधीच ‘तुझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं ओझं आहे त्याला तुम्ही हिरो दाखवून अजून एक ओझं देताय, बाकी काय.

तर ती फळ्यावरची यादी झाल्यावर मी म्हटलं आता ह्या यादीतली माणसं आपल्या कॉलेजात कोण कोण आहेत ते लिहा. पांडे कोण? टीवायचा अमुक दादा. गौरी भैया कोण? ह्यावर बराच वाद झाला आणि शेवटी लायब्ररीतल्या अटेंडंट मामांचं नाव आलं, जे मलाही सुचलं नसतं. ते गुपचूप परीक्षेच्या आधी जुन्या प्रश्नपत्रिका काढून ठेवतात म्हणे पोरांसाठी. माझं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणजे मला थोडं लागलंच, पण असो. ‘कोटा फॅक्टरी’ बघून सगळ्यांना जीतू भैया पाहिजे असतो आणि मास्तरांनाही आपण जीतू भैया व्हावं असं वाटतं, मलाही वाटायचं, पण अठरा तासांच्या मानधनात जीतू भैया होत नाही हो, आणि व्हायची गरजही नाही. लायब्ररीतले मामा पुरतात.

एटीकेटीचं सांगते. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरची परीक्षा येते साधारण दिवाळीनंतर, आणि बरोबर तेव्हाच गाव रिकामं होतं. ऊसतोडीला. आईबाप टोळीबरोबर गेलेले, कोल्हापूर सांगली नाहीतर थेट कर्नाटकात, आणि घरी म्हातारी, दोन लहान भावंडं, एक शेळी आणि हे एफवायचं पोर. स्वयंपाक करून, भावंडं शाळेत घालून पेपरला येतं. एखाद-दुसरा विषय राहिला तर नवल काय. मग निकालावर एटीकेटी लिहून येतं आणि पोर घरी फोन करून सांगतं की मी नापास झालो, आणि फडावरून बाप म्हणतो, मग ये इकडं, एक कोयता वाढतो आपला. संपलं. म्हणजे ‘एखादा विषय मागे राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं आणि तो विषय नंतर सोडवता येतो’ एवढं एक वाक्य त्या फोनवर कुणी बोललं नाही म्हणून पोर कॉलेजातून जातं. माझ्या डोळ्यांदेखत तीन गेली.

आता हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतच होते. कुणाच्या डोक्यात राहायचं नाही. मग अविनाश साबळे कामाला आला.

साबळे आमचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. पोरांना त्याचे सगळे आकडे पाठ आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सिल्व्हर, गोल्ड गेलं ०.०५ सेकंदानं, पुढचा केनियाचा होता. नंतर हांगझोच्या एशियन गेम्सला मात्र गोल्ड. तर मी तो बर्मिंगहॅमचा व्हिडिओ लावला आणि म्हटलं फक्त पाय बघा. साध्या हर्डल्समध्ये अडथळ्याला पाय लागला तर तो पडतो, इथं पडत नाही, जाड लाकडी आडवा ओंडकाच असतो तो. असे २८, वर पाण्याचे ७. आणि नियम काय आहे, उडी मारून जा, नाहीतर त्याच्यावर पाय ठेवून जा, चालतं. बाजूनं गेलात तर बाद. म्हटलं आता ऐका, एटीकेटी म्हणजे त्या ओंडक्यावर पाय ठेवून पुढं जाणं. नापास म्हणजे थांबणं. आणि परीक्षेचा फॉर्मच न भरणं म्हणजे बाजूनं जाणं. त्या वर्षी जानेवारीत एका पोराने मला मेसेज केला, “मॅडम दोन ओंडक्यावर पाय ठेवला.” मी चालू एसटीत एकटीच हसले. त्याने बापालाही तसंच सांगितलं म्हणे आणि बापाला बरोबर कळलं, कारण साबळे फडावरही सगळ्यांना माहीत आहे.

सगळंच असं छान होतं असं नाही. एकदा मी फार मोठी चूक केलीय आणि ती लिहिल्याशिवाय ही पोस्ट खोटी ठरेल.

‘फँड्री’. नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा, २०१४ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे लागला होता. मला तो इतका आवडतो की मी गृहीत धरलं, सगळ्यांनी एकत्र बघायलाच पाहिजे. पूर्ण दाखवला, सभागृहात, तीन वर्षांची पोरं एकत्र. जब्याला घरचे सगळे डुकराच्या मागे पळायला लावतात आणि शाळेतली पोरं बघत हसतात, तो भाग आला तेव्हा माझ्याही सभागृहात हशा पिकला. आणि हसून झाल्यावर दहाबारा डोकी एका दिशेला वळली. कुणाकडे ते मला तेव्हा कळलंच नाही, मी पडद्याकडे बघून हळवी होत होते ना. त्या पोराच्या घरचा धंदा तोच आहे हे सगळ्या वर्गाला माहीत होतं आणि मला नव्हतं. तो पुढचे तीन आठवडे आला नाही. मी घरी गेले, त्याची आई म्हणाली, “ताई, पिच्चर कसला दावला तुमी?” काय उत्तर देणार. शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो बघून आपण सगळे म्हणतो की हा दगड आपल्यालाच लागला, किती छान, किती अस्वस्थ वगैरे. मला त्या दिवशी तो खरंच लागला, आणि त्यात छान काही नव्हतं. तो पोरगा परत आला, ते माझ्यामुळे नाही, त्याच्या मित्रामुळे. आता कोणता तुकडा लावायचा ते मी आधी दोनतीन पोरांना दाखवून विचारते, आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला वर्गात बोट दाखवलं जाईल असं काही लावत नाही. पात्राच्या आडून पोराला स्वतःबद्दल बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी मध्ये आडोसा असावा लागतो. मी तो आडोसाच काढून टाकला होता.

त्यापेक्षा ‘सैराट’मधला वर्ग बरा चालतो. तो पुढाऱ्याचा पोरगा प्रिन्स वर्गात सरांच्या थोबाडीत मारतो तो. प्रेमकथा बाजूलाच. पोरं विचारतात, मॅडम तुम्हाला पण भीती वाटते का? मी म्हणते हो, वाटते. मला कायम नोकरी नाही, मी कुणाच्या पोराला काय बोलते ह्याचा विचार करून बोलते. हे ऐकून त्यांना धक्का बसतो, त्यांना वाटत असतं की टेबलाच्या ह्या बाजूला बसलेल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि तो कुणाला भीत नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये एक सीनियर सर आहेत, रिटायरमेंटला आलेले. बाकीचे ‘मॅडमचं टुरिंग टॉकीज’ म्हणून हसतात तेव्हा ते एकटे माझ्या बाजूने बोलतात. म्हणाले, हे तुमचं काही नवीन नाही बरं का. आंबेडकरी जलशांनी काय केलं? अडाणी माणसाला शाळेचं महत्त्व ढोलकीवर सांगितलं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे त्याचं मिलिंद झालं, तिथे येणारी बहुतेक पोरं घरातली पहिलीच, आणि तिथल्या म. भि. चिटणीसांनी पोरांसाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं, पोरांनीच केलं. सर स्वतः मिलिंदचे. तेव्हाचं नाटक म्हणजे आताचं रील समज, म्हणाले. मी म्हटलं सर, रील एवढं चांगलं नसतं हो. ते म्हणाले, तू करून तर घे पोरांकडून.

मग तेही केलं. असाइनमेंट म्हणून निबंधाऐवजी एका मिनिटाचं रील, विषय एकच: मागच्या वर्षी मला जे माहीत नव्हतं ते ह्या वर्षीच्या पोरांना सांगा. भाषा आपली, घरची. सगळ्यात चाललेलं रील होतं रिडीमचं. महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी वेबसाइटवर, स्कॉलरशिप मंजूर झाली की पोरं निवांत, पण आमच्या पोरांच्या वेळी लॉगिन करून ते व्हाउचर रिडीम करावं लागायचं, बटण दाबल्याशिवाय पैसे पुढे सरकायचेच नाहीत, आणि हे कळायला कित्येकांची अख्खी वर्षं गेली. तर एकजण म्हातारीचा पदर घेऊन बसलाय आणि दुसरा नाचत सांगतोय, “आज्जे, स्कॉलरशिप मंजूर झाली!” आणि म्हातारी तंबाखू मळत म्हणते, “रिडीम दाबलं का रं मुडद्या?” बस एवढंच. पण ‘रिडीम दाबलं का रं मुडद्या’ ही कॉलेजात म्हणच पडली, कँटीनला पैसे मागायला गेलं तरी पोरं तेच म्हणतात. दुसरं आधार सीडिंगचं, खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे दुसऱ्याच बंद पडलेल्या खात्यात कसे जातात, ते एका पोरीने रॅप करून सांगितलं, एमसी स्टॅनच्या स्टाईलमध्ये, गळ्यात सायकलची चेन. यमक जुळलं नव्हतं पण माहिती शंभर टक्के बरोबर.

नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी, कमिटी येणार म्हणून हे ‘बेस्ट प्रॅक्टिस’मध्ये टाकायचं ठरलं, मग जिओटॅग फोटो पाहिजेत म्हणाले. पोरं पदर बिदर घेऊन परत तयार झाली, फोटोत सगळी ताठ. विनोद गेला पण लोकेशन आलं.

आणि मग सूरज चव्हाण. इथं माझी खरी गोची झाली. २०२४ चं मराठी बिग बॉस जिंकला तो, बारामतीकडच्या मोढव्याचा रीलस्टार, गरीब घरचा, शिक्षण शाळेतच सुटलेलं. पोरं वेडी झाली होती, त्याच्यासारखं बोलायची, हसायची. मी नेहमीचा प्रश्न टाकला, ह्याला हे सांगितलं कोणी? एकाने हात वर केला आणि म्हणाला, “मॅडम, ते जाऊ द्या. तो न शिकता जिंकला. मंग आपुन काहून शिकायलो?”

तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? माझ्याकडे तयार उत्तरं होती, एक जिंकतो आणि लाख हरतात वगैरे, पण ती त्या पोराच्या तोंडावर फेकण्यासारखी नव्हती, कारण तो चेष्टा करत नव्हता. त्याचा मोठा भाऊ बीए करून पुण्यात गोडाऊनला पार्सल उचलतो. त्याला शिकूनही हरलेला माणूस रोज दिसतो आणि न शिकता जिंकलेला टीव्हीवर दिसतो. मी म्हटलं, मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. मग त्या दिवशी आम्ही बीए झाल्यावर खरोखर काय काय करता येतं आणि काय काय करता येत नाही ह्याच्यावर बोललो, गोड न बोलता. मला वाटतं तो तास चांगला झाला, पण तो पोरगा अजूनही पूर्ण पटल्यासारखा दिसत नाही. येतो मात्र रोज.

शेवटचं पुष्पाचं सांगते आणि थांबते, कारण उद्या सकाळी साडेसातचा तास आहे.

पोरं दोन वर्षं मागे लागली होती की मॅडम पुष्पा लावा, पुष्पा लावा. मी नाक मुरडत होते. चंदनचोरी, मारामारी, बायकांशी वागण्याची ती तऱ्हा, त्यात काय शिकायचं? (हिंदीतला त्याचा आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे एवढंच काय ते मला कौतुक.) शेवटी म्हटलं बरं, पण तुकडा तुम्ही निवडायचा. मला वाटलं फायटिंग आणतील. त्यांनी आणला पहिल्या भागातला साखरपुड्याचा सीन. पुष्पाला बापाचं घराणं आपलं मानत नाही, बापाचं नाव लावायचा हक्क नाही म्हणून भर मांडवात त्याची आणि त्याच्या आईची शोभा करतात आणि साखरपुडा मोडतो, तो.

मी प्रश्न विचारला. ह्याला रस्ता सांगितला कोणी? एकजण लगेच, “कुणीच नाही सांगितला मॅडम, म्हणून तं चंदनात गेला.” सगळे हसले. हसणं संपलं आणि पहिल्या बाकावरची एक पोरगी, जी जूनपासून माझ्या तासाला एक अक्षर बोलली नव्हती, ती फळ्याकडे बघत म्हणाली, “बापाचं नाव नसलं की फॉर्म बी भरता येत नाही.”

पुष्पाबद्दल बोलत होती ना ती. मी पण पुष्पाबद्दलच बोलले. म्हटलं, आता सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या कागदावर आईचं नाव आधी लावायला सांगितलंय, पुष्पा आपल्याकडे आत्ता जन्मला असता तर आईचं नाव बापाच्या आधी लागलं असतं. ती म्हणाली, “आणि आधीच जन्मला असंल तर?”

तास संपल्यावर ती थांबली. बाप चार वर्षांपूर्वी सोडून गेलाय, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. हॉस्टेलचा फॉर्म तिने जुलैमध्येच आणलेला, पूर्ण भरलेला, दप्तरात वहीत घालून ठेवलेला, कडा मऊ पडल्या होत्या. फक्त खाली ‘वडील / पालक यांची सही’ असं छापलंय तिथे जागा मोकळी. म्हणून ती रोज दोन एसटी बदलून येत होती, येऊन जाऊन साडेतीन तास.

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. क्लार्क भाऊंनी फॉर्म उलटसुलट पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मग आईची घ्या की सही. आई पालकच आहे ना. आईची सही चालत नाही असं तुला सांगितलं कोणी?”

ती माझ्याकडे बघायला लागली.

“कुणीच नाही,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली, कामावरून खाडा करून. तिला सही येत नव्हती, अंगठा उठवला. भाऊंनी शाईचं पॅड शोधायलाच पंधरा मिनिटं लावली.